चौकातली मंगल

मंगलचा एक धड फोटो घरात निघाला असता तर पुढचं काहीच झालं नसतं, हे मी आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर मला कुणी शहाणपण शिकवायला नको.

तिचं वर्षश्राद्ध माघात येत होतं. आमच्या आंबेगाव तालुक्यात माणूस जन्मला, दहावी झाला, निवडून आला, पडला किंवा वारला, तरी त्याचा फ्लेक्स लागतोच. मुलगी स्नेहल चाकणला असते. ती फोनवर म्हणाली, "पप्पा, आईचा एक चांगला फोटो शोधून गोकुळदादाला द्या. बाकी तो बघेल." गोकुळ आमचा शेजारी. त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे, मंडपाचं सामान आहे, आणि हंगामात तो कांद्याचं रोपही विकतो. त्यामुळे लग्न असो, श्राद्ध असो की लागवड, गावाला गोकुळवाचून गत्यंतर नाही.

पण फोटोच नव्हता. कुणी मोबाईल वर केला की मंगलला नेमकं गॅसवर ठेवलेलं दूध आठवायचं. जे चार-दोन फोटो निघाले त्यांत ती एक तर चौकटीबाहेर निघालेली होती, नाहीतर डोळे मिटलेली. आधार कार्डावर एक बाई होती, पण आधार कार्डावर कुठलाच माणूस स्वतःसारखा वाटत नाही. शेवटी स्नेहलच्या लग्नातला एक मोठा फोटो सापडला. त्यात मंगल पार कडेला, तिळाएवढी उभी होती आणि तिच्या अर्ध्या गालावर कुणा पाहुण्याच्या फेट्याचा शेमला आला होता.

"टेन्शन घेऊ नका, सर," गोकुळ म्हणाला. "आता मोबाईलमंदी आसं आलंय, तिळाएवढ्या फोटूचा अख्खा माणूस करून देतंय." दुसऱ्या दिवशी तो जे घेऊन आला त्यात एक गोरीपान बाई गुलाबी ढगांपुढे उभी राहून सगळे दात दाखवत होती.

"ही कोण?" मी विचारलं.

"काकू!"

"गोकुळ, तुझ्या काकूचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. हसताना ती तोंडावर पदर घ्यायची."

"मशिननं बसवून दिला आसंल, सर. फुकाट हाय."

तेव्हा मी जाहीर केलं की चित्र मी काढणार. माझी उभी हयात मंचरच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज तालुक्यात पेंटर आहेत, गवंडी आहेत, एक तर डोळ्यांचा डॉक्टर आहे. आता त्या डॉक्टरच्या यशात माझा वाटा किती हा वादाचा विषय आहे, पण मुद्दा असा की मला चित्र काढता येतं.

खरं कारण वेगळं होतं आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मंगलचा चेहरा मला आठवेनासा झाला होता. डोळे मिटले की तिचा आवाज यायचा, बांगड्या यायच्या, तव्यावरची भाकरी उलटणारी बोटं यायची. चेहऱ्याच्या जागी मात्र काहीच यायचं नाही. ज्या माणसाबरोबर जन्म काढला त्याचा चेहरा एका वर्षात कसा जाऊ शकतो? मला भीती वाटत होती. वाटलं, हातानं काढत गेलो तर कुठंतरी सापडेल. वर्षश्राद्धाला लोक येतील, जेवतील, जातील. माझ्यासाठी तो चेहरा राहायला हवा होता.

मला हवा होता वितीएवढा प्लायवूडचा तुकडा. गोकुळ अख्खा बोर्ड घेऊन आला. "मोठाच घ्या, सर. उरला तर शेडला लागंल." तो बोर्ड पुढच्या खोलीत भिंतीला टेकवला आणि खोली संपली. आमची पुढची खोली म्हणजे पलंग, फ्रिज, टीव्ही आणि उरलेल्या जागेत माणसं. मी पलंगावर मांडी घालून बसलो की माझं नाक आणि प्लायवूड यांच्यात फक्त ब्रश मावायचा. वरच्या बाजूला चेहरा काढला, तर खाली एवढा मोकळा प्लायवूड राहिला की मंगल विहिरीतून डोकं वर काढून बघतेय असं वाटायला लागलं. म्हणून मान काढली. मान काढली म्हणून खांदे आले. खांद्यावर पदर आला, पदर आला म्हणजे साडी आली, आणि साडी एकदा सुरू झाली की पायांपर्यंत थांबत नाही. अशा रीतीनं वितीएवढ्या चित्राची पुरुषभर उंचीची मंगल झाली.

आता यातली ग्यानबाची मेख सांगतो. वर्गात मी मुलांच्या मागं एकच घोषा लावायचो, "मागं जा! लांबून बघा! तुकडे बघू नका, चित्र बघा!" मुलं बिचारी व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन बघायची. आणि आता माझ्यावर वेळ आली तेव्हा दोन पावलांत माझी पाठ फ्रिजला लागायची. एकदा मी बाहेर जाऊन खिडकीच्या गजांतून बघायचा प्रयत्न केला. तिथून मंगलचं डावं कोपर आणि टीव्हीचा स्टॅबिलायझर दिसला. शेजारच्या प्रयागबाई पापड वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, सवताच्याच घरात डोकावून काय बघताय?" मी तसाच आत गेलो. काही प्रश्नांना उत्तर दिलं की माणूस आणखी खाली येतो.

पण त्या दिवसापासून प्रयागबाई रोज दुपारी येऊन पलंगाच्या कडेला बसायला लागल्या. मंगलच्या जवळच्या मैत्रीण होत्या त्या, त्यामुळे त्यांचा अधिकार मला नाकारता येईना. "तीळ हितं न्हवता. जरा खाली व्हता." मी तीळ खाली घेतला. "कुकू येवढं मोठं कुठं लावायची? बोटाच्या टोकाएवढं." मी कुंकू लहान केलं. एक दिवस त्या बराच वेळ पायांकडं बघत बसल्या आणि म्हणाल्या, "जोडव्याचं बोट वाकडं व्हतं तिचं. शेतात दगड पडला व्हता." मी बोट वाकडं केलं. प्रयागबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच म्हणाल्या, "येवढं न्हाई. आता लईच वाकडं झालं."

मग निरगुडसरहून मेहुणा आला, भागू. मंगलचा धाकटा भाऊ. त्यानं चप्पल काढायच्या आधी नाकावर बोट ठेवलं. "दाजी, हे नाक आमच्या घरातलं न्हाई."

"मग कुणाच्या घरातलं आहे?"

"ते तुमी बघा. आमच्या घरात नाकं आशी आस्त्यात." असं म्हणून तो माझ्यासमोर चेहरा बाजूला वळवून बसला. मी त्याच्या नाकावरून मंगलचं नाक काढलं. मेहुण्याच्या नाकाकडं एवढं निरखून बघायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये. स्नेहल रोज व्हिडिओ कॉल करायची, आणि खोलीतून तिला जेवढं दाखवता येई तेवढंच दिसे. एक दिवस नुसता डोळा. "पप्पा, आई अशी रागानं नाही बघायची." दुसऱ्या दिवशी हनुवटी. "पप्पा, जरा मागं जा ना, मला सगळी आई दिसू दे." मी म्हणालो, "मागं फ्रिज आहे, बाळा." ती हसली आणि मग नाक ओढून तिनं फोन ठेवला.

मी मागं रंगवलेला शिवनेरी आणि उसाचं शेत यांच्यावरही आक्षेप आला. भागू म्हणाला, "ताई शिवनेरीवर एकदाच गेलती, आन् पाय दुखले म्हून दिसभर तुमच्याशी भांडत व्हती." प्रयागबाईंना शेतात उसाऐवजी टोमॅटो हवे होते. शेवटी गोकुळनं तोडगा काढला. "सर, मागचं समदं काढून टाकू. कटआउट करू. पुढारी उभे करतो तशी काकू उभी करू." त्यानं कापायचं मशीन आणलं आणि तिच्या अंगाच्या कडेकडेनं फिरवलं. शिवनेरी गेला, ऊस गेला, आणि मशीनला जरा धक्का बसून मंगलच्या कोपराचा एक तुकडाही गेला. त्या सगळ्या तुकड्यांची रवानगी गोकुळच्या शेडला झाली.

एवढं झाल्यावर मी हट्टाला पेटलो. म्हटलं, काही झालं तरी मला हे लांबून बघायचंय. अंगणात जागा नव्हती, गल्लीत समोरच्याची भिंत होती. चौकात मात्र गोकुळची फ्लेक्स लावायची लोखंडी चौकट होती, आणि रस्त्यापलीकडं एसटीची शेड. चौकटीला चित्र बांधायचं आणि शेडमधे बसून निवांत बघायचं. चुकलं तर उतरवून दुरुस्त करायचं. यात कुणाला काही वावगं वाटेल असं मला वाटलं नाही.

भागूनं डोक्याकडची बाजू धरली, गोकुळनं पाय धरले, मी मधे हात लावला आणि आम्ही दारातून निघालो. रस्त्यानं येणारा दूधवाला गाडी बंद करून उभा राहिला. ओट्यावरच्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की एका वर्षात मंगल दुसऱ्यांदा घरातून आडवी निघाली होती. मागच्या वेळीही भागू डोक्याकडच्याच बाजूला होता. गोकुळ एरवी गप्प बसणारा प्राणी नाही, पण तोही चौक येईपर्यंत खाली बघून चालला.

चित्र उभं करून सुतळीनं बांधलं. मी शेडमधे जाऊन बाकावर बसलो, डोळे मिटले, आणि मुलांना सांगायचो तसं मन कोरं करून उघडले. समोर वीस-पंचवीस माणसांच्या पाठी होत्या.

त्यात पंचायत समितीची निवडणूक लागलेली, आणि आमचा गण महिलांसाठी राखीव. "कोन वो ह्या बाई? चिन्ह काय मिळालंय?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "चेहरा खमक्या हाय. निघंल सीट." तिसऱ्यानं येऊन माझा हात हातात घेतला. "सर, तुमच्या घरात तिकीट आलं आन् आमाला सांगितलंबी न्हाई, राव!" मोटारसायकलवरून चाललेले परगावचे दोन पाहुणे पाय टेकून थांबले. "कवा झालं वो? सावडायचं उद्या का?"

"झालं वर्षापूर्वी," मी म्हणालो.

"मंग आता कशापायी उभं केलंय?"

प्रश्न वाजवी होता. पण मला लागलं ते दुसरंच. परगावच्यांचं सोडा, विचारणारे निम्मे आमच्याच गावचे होते. त्यांतल्या कितीजणांनी तिच्या हातचा चहा घेतला होता. त्यांना ती ओळखू आली नव्हती.

मग गर्दी जरा बाजूला सरली आणि मला चित्र दिसलं, पहिल्यांदाच, डोक्यापासून पायापर्यंत. नाक बरोबर होतं, तीळ जागेवर होता, कुंकू बोटाच्या टोकाएवढं होतं, जोडव्याचं बोट हवं तेवढंच वाकडं होतं. आणि समोर एक अनोळखी बाई ताठ उभी होती. दारात आली असती तर मी विचारलं असतं, आपण कोण, कुणाकडं काम आहे? प्रयागबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांनीही चित्र एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, "समदं बराबर झालंय, गुरुजी," आणि दुसरीकडं बघायला लागल्या. जो एक मार्ग उरला होता तोही संपला, आता मंगल कायमची गेली, असं मला तेव्हा वाटलं.

रडायलाही सवड मिळाली नाही, कारण ग्रामसेवक भाऊसाहेब आले. त्यांच्या पदाचं नाव आता बदललंय, पण कपाळावरच्या आठ्या जुन्याच आहेत. "सर, हे काय? आचारसंहिता चालू आहे. मोबाईलवर तक्रार गेलीय, महिला उमेदवाराची छुपी जाहिरात म्हणून."

"अहो, ही माझी बायको आहे."

"उमेदवार बायका कुणाच्या तरी बायकोच असतात, सर."

"भाऊसाहेब, ती वारली. मृत्यूचा दाखला तुम्हीच सही करून दिलाय."

"दिलाय ना. पण दाखला मंगलबाईंचा." ते चित्राकडं वळून नीट बघायला लागले, आणि खरंच वाईट वाटल्यासारखे म्हणाले, "मी मंगलबाईंना ओळखत होतो, सर. ह्या त्या वाटत नाहीत."

माझा एवढा अपमान शाळेच्या तपासणीतसुद्धा झाला नव्हता, आणि पंचाईत अशी की त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी एवढंच म्हणालो की चित्र उतरवतो, घरी नेतो, उलटं करून भिंतीला लावतो. पण तेही जमेना. तक्रार आलीय म्हटल्यावर भरारी पथक येऊन फोटो काढून पंचनामा करणार, तोवर वस्तू जागची हलवायची नाही. आणि पथक येईपर्यंत ती उघडीही ठेवायची नाही. म्हणजे झाकायची. भाऊसाहेबांनी पंचायतीचा शिपाई जानकू याला बोलावलं.

जानकू हात हलवत आला. "भाऊसायेब, पांढरं कापड संपलं. पार स्मशानभूमीच्या कोनशिलेपातुर समद्या पुढाऱ्यांची नावं झाकून आलोय."

"मग काहीतरी बघ."

"सर, घरातलं काय आसंल तर द्या," जानकू म्हणाला.

मी घरी जाऊन पलंगावरची सोलापुरी चादर घेऊन आलो. जानकूनं शिडी लावली, चादर चित्राच्या डोक्यावरून सोडली आणि कमरेपाशी सुतळीचा एक वेढा दिला. नाक गेलं, तीळ गेला, भागूच्या घराण्याची सगळी इभ्रत चादरीखाली गेली. तमाशा संपल्यावर पांगतात तशी माणसं पांगली. गोकुळ दुकानात गेला, प्रयागबाई पापड काढायला गेल्या, भागू चहा आणायला गेला. मी शेडमधे पथकाची वाट बघत बसलो. दिवस मावळायला आला होता आणि गारठा पडायला लागला होता. माघातला आमच्याकडचा गारठा, नदीकडून येतो आणि गुडघ्यात शिरतो. मी हातांची घडी घालून मान खाली घालून बसलो. समोर बघण्यासारखं आता काही नव्हतं.

वाऱ्यानं चौकट कुरकुरली म्हणून मी मान वर केली.

जानकूची एका बाजूची सुतळी सैल झाली होती. चित्र डावीकडं कललं होतं आणि त्याचा खांदा चौकटीच्या लोखंडी खांबाला टेकला होता. चादर डोक्यावरून तशीच खाली लोंबत होती. समोर मंगल उभी होती.

मी मंचरहून संध्याकाळच्या एसटीनं याच शेडपाशी उतरायचो. तेव्हा गोकुळचं दुकान मधे नव्हतं, इथून आमचं दार सरळ दिसायचं. थंडीच्या दिवसांत मंगल डोक्यावरून चादर घेऊन, खांदा दाराच्या चौकटीला टेकवून, सगळा भार एका पायावर टाकून उभी असायची. एवढ्या लांबून तिचं नाक कधी दिसलं नाही. डोळे दिसले नाहीत, हसतेय की चिडलीय तेही कळायचं नाही. पण उतरल्या उतरल्या कळायचं, मंगल आहे. त्याला कधी एक क्षणही लागला नाही. आताही लागला नाही. मी बाकावरून उठलो. माझे पाय चालायला लागले होते, घरी जायला, आणि रस्त्याच्या मधोमध मला हुंदका आला. वर्षभरात आला नव्हता तेवढा आला. एका ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला, मग माझ्याकडं बघून हळूच बाजूनं काढून घेतला.

जानकू धावत आला. "सर, वाकडं झालं जनू. थांबा, सरळ करून देतो."

"हात लावू नकोस," मी म्हणालो. एवढ्या जोरात मी वर्गातसुद्धा कधी ओरडलो नव्हतो. जानकू शिडी घेऊन मागं सरला. भागू चहाचे ग्लास घेऊन आला आणि चित्राकडं बघत तसाच उभा राहिला. "ताई," तो एवढंच म्हणाला. चहा निवून गेला तरी त्यानं ग्लास खाली ठेवले नाहीत.

पथकाची गाडी आली तेव्हा दिवे लागले होते. एक साहेब उतरले, एक कॅमेरावाला उतरला. साहेब थकलेले होते, दिवसभर तालुका फिरून आले असणार. त्यांनी कागद काढला आणि विचारलं, "चित्र कुणाचं आहे?"

"आतल्या बाईंना मी ओळखत नाही, साहेब," मी म्हणालो. "बाहेरून माझी बायको आहे."

साहेबांनी भाऊसाहेबांकडं बघितलं. भाऊसाहेबांनी जमिनीकडं बघितलं. कॅमेरावाला म्हणाला, "उघडल्याशिवाय फोटो कसा काढणार?" आणि चादरीच्या टोकाला हात घालायला पुढं झाला.

मी त्याचा हात धरला. "असू द्या हो," मी म्हणालो. "गारठा आहे."